खोगीरभरती

कर्द्याच्या नजीर मुकादमांनी
टेम्पोतून उतरवलेलं खोगीर माझ्या मशीनवर ठेवलं
तेव्हा ब्लाउजांचे सतरा नग पडून होते.
"उसवलंय, आतलं सगळं बसलंय," म्हणाले.
"पैसे सीझन संपल्यावर.
नाहीतर असं करा, घोड्यावर बसायला शिका."

हसले मी. एकेचाळीस वर्षांची,
आणि बसण्याशिवाय जन्मात केलंय काय?
सकाळी नऊ ते दिवेलागण, हेच स्टूल,
पाय पायडलवर, मान वाकडी.

सावरीचा कापूस भरला. गच्च,
गादीवाल्यासारख्या बुक्क्या मारून.
डावीकडे दोरा संपला तिथे गाठ मारली, दुहेरी,
नवा दोरा ओवला, पुढे गेले.

मंगळवारी ओहोटीला किनाऱ्यावर गिऱ्हाईक नसतं.
खेकड्यांनी वळलेल्या वाळूच्या गोळ्या
आणि आम्ही तिघं.
घोडी तांबूस, नाव मेंदी.
टांग टाकताना सलवारीची शिवण मांडीत रुतली.
दुसऱ्यांच्या सलवारी शिवत आले इतकी वर्षं,
आतली शिवण हीच खरी शिवण,
बाकीच्या दाखवायच्या,
हे कळायला घोडी लागली.

"टाचा खाली."
माझ्या टाचा वर.
"गुडघ्यांनी आवळू नका ताई, ती कुठे पळून जात नाही."
"श्वास घ्या."
घेतेय की.
नव्हते घेत.

दुडकी सुरू झाली तेव्हा
पोटातले पोहे, कानातल्या रिंगा, दात
प्रत्येकाचा ताल वेगळा.
ती वर यायची तेव्हा मी खाली,
मध्ये कुठेतरी आमची गाठ पडायची
ढप्पकन.
रिकीब सुटली. आयाळ धरली.
सुरूच्या बनातून कुणीतरी शीळ घातली,
तिच्यासाठी असावी.

रात्री खोबरेल लावून पालथी झोपले.
दुसऱ्या मंगळवारी उशी घेऊन गेले.
नजीरभाई काही बोलले नाहीत,
उशी वाळूवर टाकून तिच्यावर स्वतः बसले
आणि तासभर तिथूनच "टाचा, टाचा" करत राहिले.

तिसऱ्या मंगळवारी भांडले.
"डावीकडेच टोचतं. तुमचं खोगीर..."
"तुमचं," म्हणाले.
मला उतरवलं, तंग सोडला, खोगीर उचललं.
मेंदीच्या पाठीवर, डाव्या अंगाला
रुपयाएवढी जागा. केस घासून गेलेले,
खाली गुलाबी.
माझी गाठ. बरोब्बर माझ्या गाठीखाली.

तीन आठवडे ती सांगत होती
कातडी थरथरवून, कान मागे पाडून,
आणि मी घरी सांगत होते
घोडी नाठाळ आहे.

खोगीर दुकानात आणलं. पुन्हा उसवलं.
निम्मा कापूस मुठीमुठीनं बाहेर काढला,
उरलेला बोटांनी पिंजून, हलका,
जाईल तिथे जाऊ दिला.
गाठ मारली नाही, दोरा उलटा फिरवून जिरवला.
रात्री ओटीवर गुडघे-हात टेकून ओणवी झाले,
खोगीर स्वतःच्या पाठीवर घेतलं,
धाकट्याला म्हटलं, बस वर.
तो भाकरी हातात धरून बघत राहिला.
मग बसला.
"हल जरा," म्हटलं, "डावीकडे."

मेंदीची पाठ भरून यायला महिना गेला.
तेवढे मंगळवार तिला नुसतं लाटांच्या कडेनं फिरवलं,
मी पायी, ती पायी,
नजीरभाई चहाच्या टपरीवर.

आता बसते.
अजून उडते, अजून कंबर धरते,
पण ढप्पकन कमी झालंय.
सलवारींना आतली शिवण चपटी घालते, दुहेरी मुडपून,
त्याचे जास्त पैसे कुणी देत नाही.
आणि मशीनवर बसले की
टाच आपोआप खाली जाते,
चाक उलटं फिरतं,
दोरा तुटतो.

सतरापैकी अकरा झालेत.